मुळगाव ते म्हापसा : व्हीलचेअरवरच्या बाबांना फिजिओथेरपीला न्यायचं कसं?

मुळगावची

नमस्कार. डिचोली, सत्तरी, म्हापसा या बाजूच्या कोणाला असा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बाबा ७१ वर्षांचे. मिरगाच्या सुमारास पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) होते, आता घरी आणून बरेच दिवस झाले. बोलणं परतलंय (थोडं अडखळत, पण शिव्या अगदी स्पष्ट). घरात चार पायांची काठी टेकत खोलीतून सोप्यापर्यंत येतात. सोप्याच्या तीन पायऱ्या उतरायला मात्र एका बाजूला आई आणि एका बाजूला मी लागते. पुढे रस्त्यापर्यंत चिऱ्यांची पायवाट आहे, तिथे व्हीलचेअर अर्धी ढकलून, अर्धी उचलून न्यावी लागते.

फिजिओथेरपी म्हापशाला, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी साडेदहाची वेळ. पहिले काही महिने चुकवू नका असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. मी कुंडईला कारखान्याच्या लॅबमध्ये, शिफ्टची नोकरी. भाऊ पुण्याला. आमच्याकडे वाहन म्हणजे माझी स्कूटर.

टॅक्सीवाला जाऊन-येऊन, थांबून, १२०० म्हणतो. आठवड्यातून तीनदा हे परवडणारं नाही. शेजाऱ्यांनी आपणहून गाडी काढली, पण आता ते अंगणात दिसले की मलाच ओशाळल्यासारखं होतं. बस मुख्य रस्त्यावरून जाते, एकदा प्रयत्न केला. कंडक्टर ‘बेगीन, बेगीन’ (लवकर, लवकर) करत होता, बाबांचा पाय पहिल्या पायरीलाच पोचेना, शेवटी दोघा पोरांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत. परत बस नको म्हणतात.

मावसबहीण इंग्लंडात नर्स आहे. ती सांगते, तिकडे गावागावांत अशा लोकांसाठी मिनीबस असतात. आधी फोन करून जागा सांगून ठेवायची, लिफ्टवाली गाडी दारात येते, चालवणारे पुष्कळदा गावातलेच स्वयंसेवक. थोडं भाडं द्यायचं. तसं आपल्याकडे काही आहे का? १०८ वाले नेतात का? बसमध्ये व्हीलचेअर न्यायचा हक्क आहे की कंडक्टरच्या मर्जीवर? अपंगत्वाचं कार्ड काढून प्रवासात काही फरक पडतो का?

अस्नोडा_रिक्षा

ताई, मी अस्नोड्याला रिक्षा चालवतो. १०८ तातडीसाठी. झटका, अपघात, बाळंतपण. रोजच्या थेरपीला ती गाडी अडवून ठेवली तर त्याच वेळी दुसऱ्याचा जीव जायचा. तो विचार सोडा.

रिक्षा तुमच्या बाबांना बसपेक्षा बरी, कारण जमीन खाली असते. पण आधी सांगतो, घडीची खुर्ची आत उभी केली की पेशंट आणि सोबतीला एक माणूस, एवढीच जागा राहते. तुम्ही दोघी येणार असाल तर जमणार नाही. मुळगावच्या आतल्या रस्त्यावर खड्डे आहेत आणि रिक्षाला तीन चाकं, त्यामुळे एक तरी चाक खड्ड्यात जाणारच. पाठीचं दुखणं असलेल्याला मी स्वतःच नको म्हणतो.

कोणी पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन ‘मी स्वस्तात नेतो’ म्हणाला तर भाडं ठरवून बसू नका. शेजारधर्माने कोणी नेलं ती गोष्ट वेगळी. खाजगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पिवळी पाटी आणि परमिट बघा. हे मी रिक्षावाला म्हणून सांगत नाही, आमच्या वाड्यावरच्या माणसाचं झालंय.

आणि शुक्रवार बदला! म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. साडेदहाला बाजाराच्या बाजूला गाडी उभी करायला जागा नसते, तुम्ही खुर्ची उघडेपर्यंत मागून दहा हॉर्न. थेरपीवाल्यांना शनिवार मागून बघा.

कुबडीवाली

बाय, मी होंड्याची. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर (आधाराची धातूची पट्टी), दोन्ही हातांत कुबड्या. साखळीच्या एका हायस्कुलात कारकून होते, आता निवृत्त. सगळी नोकरी मी बसने केली, त्यामुळे या विषयावर मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजते. जरा लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे बाबा जेवले नाहीत ते मला पुरतं कळलं. काखेत हात घालून वर ओढलेलं मलाही चालत नाही. पोरं चांगल्या मनाने करतात, उतरल्यावर ‘मावशे, सांबाळून’ म्हणतात, पण त्या दोन क्षणांत आपण माणूस नसतो, पोतं असतो. म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय. मला उचलावं लागेल अशा वाहनात मी बसत नाही. उशीर झाला तरी चालेल. या नियमामुळे काही लग्नं चुकली, त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही.

तुझ्या मावसबहिणीकडे आहे तशी, फोन केला की लिफ्टसकट दारात येणारी गाडी आपल्या दोन तालुक्यांत मी तरी पाहिलेली नाही. पण त्या गाडीचे सुटे भाग गावात पडलेले असतात. मी होंड्याला ते जोडले, ते कसे ते सांगते.

निवृत्तीनंतर मला ओपीडीला नेमाने जावं लागायला लागलं. टॅक्सी परवडेना. मग मी आमच्या आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून लोकांना विचारायला सुरुवात केली : तुम्ही कुठे जाता, कोणत्या वारी, कसे जाता? निघालं असं, की एका वाड्यावरचे काका डायलिसिसला जातात. मुलगा स्कूटरवर नेतो आणि परतताना काकांना स्कूटरवर तोल सावरत नाही. एका बाईची सासू खुब्याच्या ऑपरेशनानंतर व्यायामाला जाते. एक आई तिच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला घेऊन जाते, बस बदलून, कडेवर, आणि मुलगा आता नऊ वर्षांचा झालाय. सगळे साधारण एकाच दिशेला, सगळे वेगवेगळे पैसे घालवत आणि सगळ्यांना वाटत होतं की ही अडचण आपल्याच घरची.

गावात एकाकडे पिवळ्या पाटीची ईको व्हॅन होती. मोसमात पर्यटकांची भाडी, पावसात गाडी नुसती अंगणात. त्याला सांगितलं, आठवड्यातले दोन दिवस पक्के देतो, पाऊस असो की ऊन. पावसाळ्यातही पक्की कमाई म्हटल्यावर तो भावात बराच खाली आला. मोसमात त्याने एकदा कळंगुटच्या भाड्यासाठी आम्हाला टांगायचा बेत केला होता, तेव्हा काकांच्या बायकोने त्याच्या आईला जाऊन सांगितलं. परत झालं नाही.

दिवस कोणते ठरवायचे यावर पहिल्यांदा खूप घोळ झाला, कारण जो तो आपली सोय बघत होता. मग सरळ ठरवलं, ज्याची वेळ हलत नाही त्याच्यावर गाडी बांधायची. डायलिसिसची पाळी ठरलेली असते आणि यंत्रावर चारेक तास जातात. तेव्हा गाडी काकांच्या वेळेला सुटणार आणि काकांच्या वेळेला परतणार. बाकीच्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून त्याच वाराची वेळ मागून घेतली. विचारलं तर पुष्कळ ठिकाणी देतात, फक्त ‘मला लवकर नंबर द्या’ असं न म्हणता ‘आमची गाडी मंगळवारचीच आहे’ असं म्हणायचं. मधल्या वेळात ड्रायव्हर जवळची भाडी मारतो. आम्ही बसून राहतो. सासूबाई आणि मी मिळून अर्ध्या सत्तरीची निंदा करतो.

पैशांचं लिहून ठेवावंच लागतं. माणशी एक वाटा, सोबत येणाऱ्याला अर्धा, घडीच्या खुर्चीला काही नाही. महिन्याचे आगाऊ. आला नाही तरी वाटा द्यायचा, फक्त इस्पितळात दाखल असेल तर माफ. या शेवटच्या अटीवरून एक घर गटातून गेलं. जाऊ दे. ही अट नसती तर पहिल्या श्रावणातच गाडी बंद पडली असती, कारण सणावाराला दोघे गळले की उरलेल्या दोघांवर सगळं भाडं येतं.

दुसरी मोठी भानगड मासळीची. परतताना प्रत्येकाला बाजारात ‘दोनच मिनिटं’ उतरायचं असतं. डायलिसिस करून आलेला माणूस गळून गेलेला असतो, त्याला गाडीत बसवून ठेवून आपण सुंगटांचा भाव करायचा हे बरं नव्हे. आता काकांना आधी घरी सोडतात, मग ज्याला बाजार करायचा त्याने करावा. रविवारच्या ग्रामसभेतसुद्धा इतकं भांडण झालं नसेल तेवढं आमचं बांगड्यावरून झालंय.

ईकोची पायरी मला आणि सासूबाईंना उंच पडायची. सुताराकडून फणसाच्या लाकडाचं बुटकं बाकडं करून घेतलं, गाडीच्या पायरीच्या बरोबर अर्ध्या उंचीचं, पायांना सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकून. पावसात ओल्या फरशीवर तेच रबर जीव वाचवतं. प्लास्टिकचं स्टूल अजिबात नको, ते एका बाजूला भार पडला की निसटतं.

आता बसचं. बाबा नको म्हणतात तर सध्या नको, पण कायमचं दार लावून घेऊ नका. मधल्या थांब्यावर चढायला जाऊच नये, तिथे ड्रायव्हरच्या मागे घड्याळ लागलेलं असतं. बस जिथून सुटते तिथे ती भरेपर्यंत उभी असते, तिथे निवांत चढता येतं. मी होंड्याला न चढता वाळपईला उलटी जाऊन तिथून बस धरायची. लोक हसायचे. तुम्ही मुळगावातून रिक्षाने डिचोली बसस्थानकावर जाऊन बसू शकता. दूध-शाळेची गर्दी ओसरल्यावरची बस घ्यायची आणि ड्रायव्हरला खालून हाक मारून सांगायचं : बसलो असं सांगेपर्यंत गाडी हलवू नकोस. कंडक्टरला सांगून उपयोग नाही, त्याचा हात शिटीवर असतो.

कार्ड काढाच. यूडीआयडी म्हणतात ते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, सवलतीच्या पासासाठी कागद लागतो, रेल्वेच्या सवलतीसाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या हाडा-स्नायूंच्या अपंगत्वाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. उद्या भावाकडे पुण्याला न्यायचं झालं तर उपयोगी पडेल. पण कार्डामुळे पायरी खाली येत नाही, एवढं मनात ठेवा.

थेरपीवाला

मी फिजिओथेरपिस्ट, बार्देशातच काम करतो. वर लिहिलेलं सगळं बरोबर, एका गोष्टीवर जास्त जोर देतो. पक्षाघात झालेल्याचा लुळा हात धरून कधीही ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन्‌महिने थेरपी अडवून धरतं. त्या बसमधल्या प्रसंगानंतर बाबांचा उजवा खांदा दुखतोय का ते पुढच्या भेटीत आवर्जून सांगा. धरायचं ते कमरेला. रुंद पट्टा मिळतो तो बांधा, नाहीतर जाड कापडाचा शिवून घ्या, आणि सोबतीने उजव्या, म्हणजे कमजोर बाजूला उभं राहायचं.

सोप्याच्या पायऱ्यांना : चढताना चांगला डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा पाय आधी. डाव्या हाताला कठडा हवा. आता गंमत बघा, चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे जातो आणि त्या हातात पकड नाही. म्हणून दोन्ही बाजूंना कठडा करा, साधा जीआय पाइप पुरे. बसच्या दारालाही हेच लागू. दोन्ही बाजूंना दांडा नसेल तर माणूस चढतो पण उतरताना अडकतो.

गाडीत बसताना पाय आधी घालायचा मोह होतो. तसं नको. पाठ सीटकडे करून मागे मागे यायचं, सीट पायांना लागली की बसायचं, डोकं वाकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज वळतं. बसून झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की पेशंट पुढे घसरेल. टॅक्सी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी आहे का हे फोनवरच विचारा, असली तर खुर्ची मावत नाही.

आणि हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी सांगतो. तीनही दिवस म्हापशाला यायलाच हवं का, हे तुमच्या थेरपिस्टला विचारा. घरच्यांनी व्यायाम नीट शिकून घेतले आणि रोज केले, तर एखादी फेरी कमी करता येते का ते तो पेशंट बघून सांगेल. प्रवासात दमून आलेला पेशंट टेबलावर अर्धंच काम करतो.

चोडणकार

कुबडीवाली बाई, तुमच्या ईकोला नमस्कार. पण थोडं बोचतं ते लिहितो. मी पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आहे. तुमच्यासारखे लोक सगळं आपापसांत जमवतात आणि सरकार सुटतं.

कायदा काय आहे ते मुळगावच्या बाईंनी विचारलं होतं, त्याचं उत्तर कोणी दिलंच नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम ४१ : बसथांबे, स्थानकं, वाहनं सुगम करायची जबाबदारी सरकारची आहे, आणि जुनी वाहनंही तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे बदलायची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१९ च्या अखेरीस दुरुस्ती झाली. त्यानुसार १ मार्च २०२० पासूनच्या बसमध्ये राखीव आसनं, कुबड्या-वॉकर ठेवायची सोय, दांडे, आणि व्हीलचेअर आत घेऊन अडकवून ठेवायची व्यवस्था हवी. म्हणून कंडक्टरशी वाद घालण्याआधी बस कधीची आहे ते बघा. जुन्या मिनीबसवाल्याला हा नियम दाखवून फायदा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट म्हटलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव गोव्यातच भरतो, देशभरातून आमच्यासारखे लोक पणजीला येतात, त्या दिवसांत रॅम्प दिसतात. मला बाकीच्या दिवसांतही फिरायचं असतं.

बस घेताना तिच्या आतल्या फरशीची जमिनीपासूनची उंची हा सगळ्यात मोठा प्रश्न. ४०० मिलिमीटरची लो-फ्लोअर असते, ६५०ची, आणि ९००ची. ४००ला रॅम्प टाकून खुर्ची चढते. ९००ला रॅम्प टाकायचा झाला तर एकास बाराच्या उताराने तो अकरा मीटर लांब होईल! तिथे लिफ्टच लागते. नवीन बस येणार म्हणून फोटो छापतात तेव्हा मी पहिल्यांदा दरवाजाखाली बघतो.

आता फेरीबोटीचं, कारण ते कोणी लिहीत नाही. गोव्यात व्हीलचेअरला पायरी न लागणारं सगळ्यात जुनं सार्वजनिक वाहन तेच आहे. पुढची फळी धक्क्यावर पडते, खुर्ची सरळ आत, आणि साध्या फेरीला चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. अडचण सुकतीची. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, तिथे शेवाळ असतं आणि खुर्ची एकट्याने आवरत नाही. मी भरती बघून कामं ठरवतो. चोडण-रायबंदरला आता रो-रो (गाड्या थेट आत नेणारी मोठी फेरी) आली तिने गर्दी विभागली, ते चांगलं झालं. पण रायबंदरला उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहतोच.

कुबडीवाली

चोडणकारबाब, सरकार सुटतं हे खरं. पण काकांचं डायलिसिस निकालाची वाट बघत थांबत नाही ना! मी दोन्ही करते. आमच्या वहीत कोण, कुठून, कोणत्या वारी, किती पैसे देऊन जातं हे सगळं लिहिलेलं आहे. त्या वहीची प्रत जोडून पंचायतीला अर्ज दिलाय, वाहतूक खात्याला दिलाय आणि राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे पाठवलाय. ‘दिव्यांगांना त्रास होतो’ असा अर्ज फायलीत जातो. ‘या वाड्यावरून या वारी या वेळेला इतकी माणसं इस्पितळात जातात आणि दर महिन्याला इतके पैसे घालवतात’ असा अर्ज आला की निदान कोणीतरी फोन करून विचारतं. आम्हाला फोन आला. गाडी अजून आलेली नाही.

शाळांना बालरथ (मुलांना ने-आण करायच्या बस) आहेत ना, सकाळी मुलं सोडल्यावर सुटीपर्यंत उभे. मी शाळेत असताना त्यांच्याकडे खिडकीतून बघायची. ती योजना मुलांसाठीची आहे, नियम वेगळे, डिझेलचा हिशेब वेगळा, हे मला कारकून म्हणून चांगलं माहीत आहे. तरी अर्जात तोही मुद्दा घातलाय. निदान नाही म्हणण्याचं कारण तरी लेखी येऊ दे.

मुळगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. मासळीच्या भांडणावर हसले.

थेरपीवाल्या दादा, खांदा दुखतोय. आम्हाला वाटत होतं झटक्यामुळेच. सोमवारी दाखवते.

शुक्रवारचा शनिवार करून मिळाला, विचारल्याबरोबर. आईने देवळाकडे दोघींना विचारलं तर शिरगावातली एक बाई म्हापशाला डोळ्यांसाठी नवऱ्याला नेते आणि लामगावचे एक गृहस्थ आमच्याच थेरपीला येतात, आम्ही एकमेकांना तिथे बघितलेलंसुद्धा आहे! गाडी मात्र मिळायची आहे. एक ओळखीचा टॅक्सीवाला तयार आहे, पण त्याची डिझायर. कुबडीवाली मावशी, तीन माणसं, दोन सोबती, एक खुर्ची, डिझायरमध्ये होईल का? आणि त्याच्याशी बोलणी करताना काय विसरू नये?

कुबडीवाली

पाच माणसं आणि ड्रायव्हर म्हणजे सहा. डिझायर ड्रायव्हर धरून पाचांची, तेव्हा नाही. शिवाय मागच्या सीटवर तिघं दाटून बसली की बाबांची उजवी बाजू दाबली जाईल. डोळेवाल्या काकांना सोबत हवीच का ते विचार. तुझी आई दोघांचीही सोबत करू शकली तर चार प्रवासी होतील. बाबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, सीट पूर्ण मागे सरकवून. पुढचं दार जास्त उघडतं, पाय आत घ्यायला बरं पडतं. डिकीत टाकी नसली पाहिजे. लामगावचे गृहस्थ लांबचे, त्यांना आधी उचलून मग शिरगाव, मग मुळगाव असं गाडीने यावं, म्हणजे बाबा सगळ्यात कमी वेळ बसतील.

बोलणी करताना थांबण्याचे पैसे वेगळे की त्यातच, हे आधी. बदली ड्रायव्हर आला तर त्याला खुर्चीची घडी घालता येते का, हे दुसरं, कारण चुकीच्या जागी धरून ओढली की बोटं चिमटतात आणि मग तो परत हात लावत नाही. चतुर्थीचे दिवस आत्ताच बोलून ठेवा, त्या आठवड्यात गोव्यात एकही गाडी तुमची नसते. पैसे महिन्याचे द्या पण पहिल्या महिन्याचे अर्धे हातात ठेवा.

आणि पहिल्या सोमवारच्या आधी एकदा गाडी नुसती दारात बोलाव. बाबांना न नेता. पायवाटेच्या तोंडापर्यंत ती मागे घेता येते का, दार उघडल्यावर बाजूला खुर्ची लावायला जागा उरते का, सीट जमिनीपासून किती उंच आहे, हे टेप लावून बघून घे. सीट खुर्चीपेक्षा उंच निघाली तर घट्ट फोमची उशी खुर्चीत घालायची. माप मला इथे कळव, आमच्या सुताराला सांगून कोणती उशी लागेल ते बघू.